श्रावक ते समुपदेशक : एका मधल्या पायरीचा इतिहास

कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा हिशेब मांडण्याचा प्रसंग असतो. आम्ही व्यापारी मंडळी दिवाळीत वहीपूजन करतो, तेव्हा जमेची बाजू वाचताना समाधान वाटते, तसेच राहून गेलेल्या देण्याकडेही लक्ष जाते. आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा या स्मरणिकेत अधिकारी मंडळींनी घेतलेलाच आहे. चातुर्मासांच्या स्मृती, स्थानकाची उभारणी, शिष्यवृत्त्या, दुष्काळातील चारा व पाणी यांविषयी वाचताना प्रत्येकाचे मन भरून येईल. प्रस्तुत लेखात मी एका देण्याच्या बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दुःखी माणसाचे बोलणे ऐकून घेणारा, त्यासाठी रीतसर शिकलेला माणूस आपल्या गावात असावा, हे ते देणे होय. असा माणूस घडतो कसा, त्याच्या शिक्षणाची परंपरा कोठून आली, महाराष्ट्रात ती कशी रुजली आणि त्या शिक्षणातील मधली पायरी इतकी महत्त्वाची का, याचा हा अल्पसा इतिहास आहे.

एक शब्द आणि एक प्राचीन परंपरा

'समुपदेशन' हा शब्द मराठीत आता रूढ झाला आहे. शाळेत, रुग्णालयात, कुटुंब न्यायालयात, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तो सर्रास आढळतो. परंतु या शब्दाच्या पोटात 'उपदेश' दडलेला असल्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. समुपदेशक म्हणजे चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा, अशी समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात या शास्त्राचा आरंभच उपदेश थांबविण्यापासून होतो. समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकणे, त्याच्या मनातील गुंता त्याचा त्यालाच उलगडता यावा म्हणून साह्य करणे आणि निर्णय त्याच्या हाती ठेवणे, हे समुपदेशकाचे काम होय.

आपल्याला हे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपण स्वतःला 'श्रावक' म्हणवितो. हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे. जो ऐकतो तो श्रावक. आपल्या परंपरेत गुरूंपुढे आपल्या दोषांची 'आलोचना' करण्याचा विधी आहे, आणि आलोचना ऐकणारा कसा असावा याचाही शास्त्रात बारकाईने विचार केलेला आहे. स्थानांग सूत्राच्या आठव्या स्थानात अशा अधिकारी पुरुषाचे आठ गुण सांगितले आहेत. त्यांतील दोन तर आजच्या कोणत्याही समुपदेशन वर्गाच्या पहिल्या दिवशी शिकवावेत असे आहेत. एक 'अपव्रीडक', म्हणजे बोलणाऱ्याची लाज व संकोच दूर करून त्याला मोकळे करणारा. दुसरा 'अपरिस्रावी', म्हणजे ऐकलेली गोष्ट ज्याच्याकडून पाझरत नाही असा. गळक्या घागरीत पाणी राहत नाही, तसे सैल तोंडाच्या माणसापाशी कोणाचे दुःख सुरक्षित राहत नाही. आज ज्याला गोपनीयता म्हणतात, तिचा विचार आपल्या पूर्वसूरींनी असा करून ठेवला आहे.

श्रावकाच्या अकरा प्रतिमांचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. गृहस्थाने आपला संसार व व्यवसाय सांभाळीत पायरीपायरीने वर चढावे, खालची पायरी पक्की झाल्याखेरीज वरची धरू नये, हे त्यामागील सूत्र. आपल्या शेजारच्या पाथर्डीत याच सूत्राला संस्थेचे रूप मिळाले. पुढे श्रमण संघाचे आचार्य झालेल्या पूज्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने तेथे १९३६ साली श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. दुकान सांभाळणारे गृहस्थ, घरकाम करणाऱ्या गृहिणी, शाळकरी मुले यांनी आपापल्या सवडीने अभ्यास करावा आणि टप्प्याटप्प्याने परीक्षा द्याव्यात, ही ती पद्धत. प्रौढांचे अंशकालीन व क्रमबद्ध शिक्षण म्हणजे काय, हे आपल्या भागाला कोणी परदेशातून येऊन शिकविण्याची गरज नव्हती. मात्र समुपदेशन या विषयात असे शिक्षण आपल्याकडे उशिरा आले.

पाश्चात्त्य देशांतील आरंभ

आधुनिक समुपदेशनाचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९४२ साली त्यांचा समुपदेशन व मानसोपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळात सोयीची यंत्रे नसतानाही त्यांनी समुपदेशनाच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण केले, आणि एका संपूर्ण प्रकरणातील संभाषण शब्दशः छापले. बंद दाराआड काय घडते हे विद्यार्थ्यांना त्यामुळे प्रथमच तपासून पाहता आले. समुपदेशन ही उपजत देणगी नसून ती शिकता येणारी, चुका दाखवून सुधारता येणारी कला आहे, हे यातून सिद्ध झाले. समोरच्याविषयी निरपेक्ष आदर, त्याच्या जागी जाऊन समजून घेणे आणि स्वतःच्या वागण्यातील खरेपणा, या त्यांनी सांगितलेल्या अटी आजही प्रशिक्षणाच्या मुळाशी आहेत.

इंग्लंडमध्ये हे कार्य सामान्य गृहस्थांच्या हाती गेले. वैवाहिक कलह मिटविण्यासाठी १९३८ साली तेथे विवाह मार्गदर्शन मंडळ सुरू झाले. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्री-पुरुषांतून निवड करून त्यांना फावल्या वेळात प्रशिक्षण द्यावयाचे, ही त्याची रीत होती. १९५३ साली चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने लंडनमधील आपल्या चर्चमध्ये निराश माणसांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. अनेक वर्षांपूर्वी, तरुणपणी, त्यांना एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी करावा लागला होता. ऋतुप्राप्तीविषयी विचारण्यास कोणीच नव्हते, म्हणून भयाने त्या मुलीने जीव दिला होता. व्हारा यांच्या भेटीसाठी माणसे रांगेत बसत, आणि त्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक येत. पुष्कळ जण त्या स्वयंसेवकांशीच मन मोकळे करून, व्हारा यांना न भेटताच समाधानाने परत जात. हे लक्षात येताच १९५४ साली त्यांनी ते काम स्वयंसेवकांवर सोपविले. 'समॅरिटन्स' या जगभर परिचित झालेल्या संस्थेचा हा आरंभ.

पुढे इंग्लंडमध्ये या शिक्षणाच्या ठळक तीन पायऱ्या रूढ झाल्या. पहिली काही आठवड्यांची तोंडओळख, दुसरी आठवड्यातून एक संध्याकाळ देऊन साधारण वर्षभर करावयाचा मध्यम अभ्यासक्रम, आणि तिसरी प्रत्यक्ष समुपदेशक होण्याची पदविका. या शेवटच्या पायरीवर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली सुमारे १०० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. नोकरी सांभाळून चाळिशी-पन्नाशीतील माणसे या मार्गाने समुपदेशक झाली आहेत.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात या विद्येची गंगा आणणाऱ्यांत मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांचे स्थान मोठे आहे. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना माणसाला जितकी दुखवत नाही तितका त्या घटनेविषयीचा त्याचा हटवादी विचार दुखवतो, हे तिचे सार. प्रा. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि न्यूयॉर्कच्या त्या संस्थेचे फेलो व पर्यवेक्षक होण्याचा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांनी मुंबईत प्रशिक्षणवर्ग घेऊन अनेक शिष्य तयार केले. त्यांच्या परंपरेतील डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकामुळे हा विचार मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचला.

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे मोठे साह्य त्यास लाभले, हे सर्वश्रुत आहे. मुक्तांगणने आपल्या विषयाच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट केली. जे स्वतः व्यसनातून बाहेर आले, अशांनाच शिकवून, तयार करून, तेथे समुपदेशक म्हणून उभे केले गेले. पदवीपेक्षा अनुभव मोठा, परंतु नुसता अनुभवही पुरेसा नाही. त्या अनुभवाला शिक्षणाची व शिस्तीची जोड हवी, हा धडा मुक्तांगणने महाराष्ट्राला दिला.

१९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली. 'आयपीएच' या नावाने ती महाराष्ट्रभर ओळखली जाते. नोकरदार, गृहिणी, निवृत्त मंडळी यांना स्वयंसेवक म्हणून घडवून मनोविकारांच्या क्षेत्रात त्यांचा उपयोग करून घेणे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने, जिची स्थापना १९६२ मध्ये डॉ. वि. वि. पेंडसे यांनी केली, शालेय मानसशास्त्राच्या शिक्षणात मोलाची भर घातली. त्या प्रबोधिनीची एक शाखा आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईस आहे. त्याच अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली 'मानवलोक' स्थापन केले आणि प्रा. शैला लोहिया यांनी 'मनस्विनी'च्या माध्यमातून परित्यक्ता व एकाकी स्त्रियांना आधार दिला. त्यांनी आपल्या कामाला कोणते शास्त्रीय नाव दिले असेल ते असो. परंतु सासरी-माहेरी कोठेच जागा न उरलेल्या बाईचे म्हणणे शांतपणे ऐकणारी जागा बीड जिल्ह्यात प्रथम उभी करणाऱ्यांत त्या होत्या, हे विसरता येणार नाही.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातील कोणीही विसरणार नाही. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली आणि सुमारे १० हजार माणसे दगावली. आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट त्यानंतर घडली. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची व निवासाची जबाबदारी घेतली. वाघोली येथे त्यातून मोठे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे आली.

अन्न, वस्त्र, निवारा व शाळा यांची सोय पैशांनी करता येते, आणि दानशूर समाज ती करतोच. परंतु रात्री दचकून उठणाऱ्या मुलाजवळ बसावयाचे कोणी? त्याला 'रडू नकोस' म्हणावयाचे की रडू द्यावयाचे? हे दानपेटीतून मिळत नाही. किल्लारीनंतर महाराष्ट्रातील जाणत्या लोकांच्या ध्यानात आले की, मनाच्या जखमांसाठी माणसे आपत्तीपूर्वीच तयार असावी लागतात. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

गावातील माणूस समुपदेशक होऊ शकतो काय?

तज्ज्ञ मानसोपचारतज्ज्ञ खेड्यापर्यंत पोहोचणे कठीण. मग गावातलीच माणसे शिकवून तयार करता येतील का? याचे शास्त्रशुद्ध उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात मिळाले. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी तेथे 'संगत' ही संस्था स्थापन केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमण्याचा प्रयोग तिने केला. २०१० साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत आलेल्या नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना या पद्धतीचा निश्चित लाभ झाला; खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले. पुढील प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही सहा ते आठ बैठकींत अशा समुपदेशकांची मदत झाली. त्यांची प्रशिक्षणाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. काही आठवड्यांच्या वर्गानंतर त्यांना लगेच मोकळे सोडले नाही. कित्येक महिने उमेदवारी करावी लागली. त्यांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण सहकाऱ्यांच्या गटात ऐकले जाई आणि गुणदोष मांडले जात.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम राबविण्यात आला. तत्पूर्वी तेथील नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कोणाकडे मदत मागत. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने 'आत्मीयता' हा प्रयोग केला. त्यातही गावचेच स्त्री-पुरुष निवडून, त्यांना शिकवून, शेजाऱ्याच्या दुःखात साथ देण्यास तयार केले गेले.

राज्य शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तेव्हा आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत मराठवाड्यातील आठही जिल्हे होते. अर्थातच त्यात आपले बीड होते. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन निराश व्यक्ती ओळखाव्यात, ही त्यातील कल्पना. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू आहे. हा क्रमांक प्रत्येक वाचकाने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

मधली पायरी

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या वडिलांच्या पिढीत मॅट्रिक आणि पदवी यांच्यामध्ये 'इंटर'ची परीक्षा असे. मॅट्रिक झालेला मुलगा स्वतःला फार शहाणा समजे आणि इंटरचे वर्ष त्याला जमिनीवर आणी. समुपदेशनाच्या शिक्षणातही हेच होते. दोन-तीन दिवसांचे शिबिर करून प्रमाणपत्र मिळविलेला माणूस उत्साहाने भारलेला असतो आणि दिसेल त्याला सल्ला देऊ लागतो. आपल्याकडे अशा तोंडओळखीच्या शिबिरांची आता वाण नाही, आणि वरच्या टोकाला विद्यापीठांच्या पदव्याही आहेत. वाण आहे ती या दोहोंमधील, नोकरी-धंदा सांभाळून करावयाच्या, मध्यम पायरीची.

या पायरीवर काय शिकतात? वर्गात तिघांचे गट केले जातात. एक आपली खरी, परंतु पेलवेल अशी अडचण सांगतो, दुसरा ऐकतो, तिसरा केवळ निरीक्षण करतो. मग भूमिका बदलतात. ऐकणाऱ्याने कोठे मध्येच तोंड घातले, कोठे प्रश्नांचा भडिमार केला, कोठे स्वतःचीच कथा सांगावयास घेतली, हे निरीक्षक त्याला दाखवून देतो. विद्यार्थ्याला रोजनिशी ठेवावी लागते व तीत आपले पूर्वग्रह तपासावे लागतात. जात, पैसा, स्त्री-पुरुष, घटस्फोट, व्यसन यांविषयी आपल्या मनात दडलेले निवाडे त्याला प्रथमच दिसू लागतात. आपल्या आवाक्याबाहेरचे प्रकरण ओळखून ते डॉक्टरांकडे कसे सोपवावे, आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्याला टाळू नये व एकटे सोडू नये, हेही येथेच शिकविले जाते. या पायरीवरील विद्यार्थी हा समुपदेशक नव्हे, हे त्याला पुन्हा पुन्हा बजावले जाते.

माझ्या व्यवसायातील उपमा द्यावयाची तर ही कच्ची शिलाई आहे. चांगला शिंपी कापड कापल्याबरोबर पक्की शिलाई मारीत नाही. आधी कच्चे टाके घालतो, अंगावर चढवून पाहतो, कोठे ओढ बसते ते तपासतो आणि मगच यंत्रावर बसतो. पक्क्या शिलाईची चूक उसवताना कापड फाटते. येथे तर कापड म्हणजे माणसाचे मन आहे.

या बाबतीत स्वतःचा एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. २०१५ च्या दुष्काळात दिवाळीपूर्वी आमचे एक जुने गिऱ्हाईक दुकानी आले. कापड पाहिले नाही, नुसते गादीच्या कडेला बसून राहिले. मागील उधारी बाकी होती, म्हणून ते संकोचले असावेत असे मी धरून चाललो. 'उधारीची चिंता करू नका, पुढच्या हंगामात पाहू,' असे म्हणून मी त्यांना धीर दिला, काटकसरीच्या चार गोष्टी सांगितल्या, आणखी कठीण दिवस काढलेल्यांची उदाहरणे दिली. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि ते निघून गेले. आपण एक चांगले काम केले, या समाधानात मी होतो. काही आठवड्यांनी पुतण्याकरवी त्यांनी उधारीचे पैसे पाठविले आणि त्या पुतण्याकडूनच मला कळले की, त्यांचा मुलगा शिक्षण अर्धवट सोडून घरी आला होता, कोणाशी बोलत नव्हता, जेवत नव्हता. पैशांविषयी ते बोलावयास आलेच नव्हते. माझ्यापाशी उत्तर तयार होते. प्रश्न मात्र मी ऐकलाच नव्हता. सुदैवाने तो मुलगा पुढे सावरला. परंतु ते सद्गृहस्थ नंतर माझ्या गादीवर तसे कधी बसले नाहीत. श्रावक म्हणवून घेण्याचा मला किती अधिकार आहे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे आणि या विषयाच्या वाचनाकडे मी वळलो तो त्यामुळेच.

कायद्याची चौकट

या क्षेत्रात कायद्यानेही हळूहळू लक्ष घातले आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यान्वये चिकित्सक मानसशास्त्रज्ञांना नोंदणी आवश्यक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २९ मे २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा न करता मदत करावी, असे त्याने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नास शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय आयोग कायद्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांचा स्वतंत्र गट केला आहे. तात्पर्य, कोणीही उठावे आणि दारावर समुपदेशकाची पाटी लावावी, हे दिवस फार काळ राहणार नाहीत. ज्यांना या कार्यात यावयाचे आहे, त्यांनी पायऱ्या गाळू नयेत हे बरे.

आपल्या शिरूरपुरते

सिंदफणेच्या काठचे आपले शिरूर कासार हे गाव कासारांच्या नावाने ओळखले जाते, परंतु आजच्या तालुक्याची ओळख ऊसतोड मजुरांचा तालुका अशी आहे. दसरा-दिवाळीनंतर गावेच्या गावे उचल घेऊन कारखान्यांकडे जातात. मागे राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळकरी मुले. लहान वयात मुलींची लग्ने उरकली जातात, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण देशभर गाजले. शासनाने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. शरीराची मोजदाद झाली. त्यांच्या मनावर काय गुजरले, हे ऐकण्यास गावात कोण होते?

आपल्या ट्रस्टने एकावन्नाव्या वर्षात पदार्पण करताना एक लहानसा संकल्प करावा, असे मी नम्रपणे सुचवितो. इमारत उभारावयाची नाही, की मोठा निधी नको. आपल्या तालुक्यातील तीस ते पंचावन्न वयाच्या दोन-तीन व्यक्ती निवडाव्यात. त्या शिक्षिका असोत, आशा कार्यकर्त्या असोत, निवृत्त कर्मचारी असोत वा गृहिणी. त्यांत निदान एक स्त्री असावीच, आणि निवड जात-धर्म न पाहता व्हावी. तोंडओळख, मधली पायरी आणि पदविका असा तीन-चार वर्षांचा क्रम त्यांनी पुणे-ठाण्याच्या अनुभवी संस्थांकडून पुरा करावा. फी व प्रवासखर्च ट्रस्टने द्यावा. वर्ग शक्यतो आषाढ ते आश्विन या काळात गावीच व्हावेत, कारण तेव्हा तालुका घरी असतो. चातुर्मासाचाही तोच काळ आहे. दर महिन्यास जाणत्या व्यक्तीकडून दूरध्वनीवर का होईना, त्यांच्या कामाची तपासणी व्हावी. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी संपर्क ठेवून गंभीर रुग्ण तेथे पाठवावेत. स्थानकाच्या आवारातील एक खोली आठवड्यातून दोन दिवस मोकळी ठेवावी. तिला मागच्या बाजूने वेगळे दार असावे, म्हणजे येणाऱ्यास कोणी पाहणार नाही. आणि त्या खोलीत ऐकलेला शब्द विश्वस्तांच्या बैठकीतही येऊ नये. 'अपरिस्रावी' या शब्दाचा अर्थ आपण तेवढा तरी पाळला पाहिजे.

काही जण म्हणतील, तीन-चार वर्षांत दोन माणसे तयार करून काय होणार? पाथर्डीच्या परीक्षा बोर्डाच्या आरंभीही असा प्रश्न कोणी विचारला असेल. लंडनच्या चर्चमध्ये चहा देणारे स्वयंसेवकही मूठभरच होते. आपल्या अभ्यंतर तपांत 'वैयावृत्य' म्हणजे सेवा हे एक तप सांगितले आहे. थकलेल्याचे पाय चेपणे ही जशी सेवा, तशीच खचलेल्याचे बोलणे ऐकणे ही सेवा आहे, आणि तीही शिकूनच नीट करता येते.

संवत्सरीच्या दिवशी आपण सर्वांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. मी ते दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी माझ्या डोळ्यांपुढे गादीच्या कडेला बसलेले ते गिऱ्हाईक येते. ज्यांचे ज्यांचे बोलणे मी ऐकून घेतले नाही, त्या सर्वांची या निमित्ताने क्षमा मागून आणि आपल्या ट्रस्टच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन हे लेखन पुरे करतो.

जय जिनेन्द्र.